फारुख की फर्रोख? आणि बुलसारा म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं खरं नाव मराठीत सगळीकडे 'फारुख बुलसारा' असं लिहितात, मग तो मुसलमान होता का, आणि बुलसारा हे कुठलं आडनाव?

तो पारशी. आणि माझ्या मते घोळ सगळा त्या 'फारुख'मुळे होतो. आपण ज्याला फारुख म्हणतो तो मुळात अरबी फारूक, शेवटी 'क', अर्थ खऱ्याखोट्याचा निवाडा करणारा, खलिफा उमर यांची ती उपाधी. फ्रेडीचं नाव होतं फर्रोख, हा फारसी शब्द, अर्थ भाग्यवान, शुभ. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. इराणात फर्रोख म्हणतात, आपल्याकडे तोच फर्रुख झाला, बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले तेव्हा तख्तावरून खाली खेचला गेलेला फर्रुखसियर आठवा, त्यातला फर्रुख हाच. भारताचे जुने विकेटकीपर, इंजिनियर आडनावाचे, त्यांचं नावसुद्धा हेच, त्यांनाही आपण फारुखच करून टाकलंय, आणि हे मला खरंच खटकतं कारण एका अक्षरात माणसाचं अख्खं घराणं बदलतं.

बुलसारा मात्र सोपं आहे. गुजरातेतलं वलसाड, इंग्रजांच्या काळात ते बुलसार लिहायचे, तिथले ते बुलसारा. भरूचचे भरुचा, बिलिमोऱ्याचे बिलिमोरिया, तसंच. आपण 'कर' लावतो ना, तेच काम.

वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर, त्या नोकरीपायी घर झांजिबारला, तिथेच ५ सप्टेंबर १९४६ ला याचा जन्म, आई जेर, पाठीवर बहीण कश्मीरा. म्हणजे गाव सुटलं, समुद्र ओलांडला तरी आडनावात वलसाड राहिलंच. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला शिकायला पाचगणीला पाठवलं, सेंट पीटर्सच्या बोर्डिंगमध्ये, आईबाप पार आफ्रिकेत आणि हे एवढंसं पोर सह्याद्रीत. पियानो तिथेच पक्का झाला, द हेक्टिक्स नावाचा शाळकरी बँडही तिथलाच, आणि 'फ्रेडी' हे नावही तिथल्या मित्रांनीच पाडलेलं! १९६४ ला झांजिबारमध्ये क्रांती झाली नि सगळं कुटुंब लंडनजवळ फेल्टमला गेलं, मर्क्युरी हे आडनाव त्याने पुढे स्वतः घेतलं.

तर लिहिताना फर्रोख बुलसारा लिहा. फर्रुख लिहिलंत तरी चालेल, पण फारुख नको.