नवीन घरात टाइल्सचं ग्राउट काळं पडू नये म्हणून काय करावं?

ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या सांध्यांत भरलेला मसाला, अजून नवं आहे, ते तसंच राहावं म्हणून कोणतं क्लिनर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. क्लिनरचं नंतर बघू. आधी सांध्यांत काय भरलंय ते मिस्त्रींना विचारा, सिमेंटचं ग्राउट की इपॉक्सी (पाणी न शोषणारं रेझिनचं ग्राउट). मिस्त्री भेटत नसतील तर कोरड्या सांध्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. काही मिनिटांत तिथला रंग गडद झाला तर ग्राउट सिमेंटचं आहे आणि त्यावर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारं द्रव, लावलेला नाही. थेंब तसेच वर राहिले तर इपॉक्सी तरी आहे किंवा सीलर तरी लावलेला आहे. इपॉक्सीला सीलर लागत नाही.

सिमेंटच्या ग्राउटला बारीक छिद्रं असतात. पाणी आत मुरतं, सोबत मळ नेतं, मग पाणी वाळतं आणि मळ तिथेच राहतो. सांधा टाइलपेक्षा जरा खोलगट असतो, त्यामुळे पुसलेलं पाणी नेमकं तिथेच साचतं. रोज फरशी पुसणाऱ्या घरांतही सांधे काळवंडतात ते यामुळेच. पहिली खोली पुसून होईपर्यंत बादली गढूळ होते आणि तेच पाणी पुढच्या सगळ्या खोल्यांतून फिरतं. तेव्हा आधी नीट केर काढा, प्रत्येक खोलीला पाणी बदला, फडकं घट्ट पिळा. पाण्यात साबण अगदी थोडा टाका, कारण त्याचा चिकट थर उरला की त्यावर धूळ बसते. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

सीलर लावायचा तर आत मुरणारा घ्या. ग्राउट पूर्ण सुकल्यावरच लावा. किती दिवस थांबायचं ते डब्यावर दिलेलं असतं. टाइलवर सांडलेला सीलर वाळायच्या आत पुसा, नाहीतर धुरकट डाग राहतात. सीलरमुळे डाग पडायचे थांबत नाहीत, फक्त सांडलेलं पुसायला वेळ मिळतो. अधूनमधून तीच थेंबांची परीक्षा करा. पाणी मुरू लागलं की पुन्हा लावा.

आणि कृपा करून ॲसिड वापरू नका, अगदी व्हिनेगर किंवा लिंबूसुद्धा नको. पहिल्यांदा सांधे लख्ख दिसतात, कारण वरचा थर विरघळलेला असतो. खाली उरतो तो खरखरीत पृष्ठभाग, आणि तो आणखी लवकर मळतो. तारेच्या घासणीनेही तेच होतं. डाग पडलाच तर सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं पुसा. साधं क्लोरीनचं ब्लीच ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

बाथरूममधले काळे ठिपके बहुतेकदा बुरशीचे असतात. आंघोळीनंतर भिंतीवरून वायपर फिरवा आणि खिडकी उघडी ठेवा.

ग्राउटची कंपनी आणि शेड नंबर आत्ताच लिहून ठेवा. पुढे एखादा सांधा उकरून भरायची वेळ आली तर नेमका रंग त्यावरूनच मिळेल.