लांब पल्ल्याच्या ट्रकवर नव्याने येणाऱ्या चालकासाठी

नवे चालक बहुधा गिअर, अवघड वळणे आणि रिव्हर्स यांचीच चिंता करतात. या कामात खरे तर सर्वांत आधी झोपेचे नियोजन शिकावे लागते. मध्यरात्रीनंतर २ ते पहाटे ५ या सुमारास शरीराची सतर्कता मुळातच कमी असते आणि खिडकी उघडल्याने किंवा गाणी मोठ्याने लावल्याने डुलकी टळत नाही, फार तर थोडी लांबणीवर पडते. डोळे जड होऊ लागताच गाडी सुरक्षित जागी उभी करून १५ ते २० मिनिटे झोपावे. मात्र जाग येताच स्टिअरिंग हाती घेऊ नये, कारण गुंगी उतरण्यास थोडा वेळ लागतो.

निघण्यापूर्वी टायर, चाकांचे नट, दिवे आणि एअर ब्रेकचा दाब तपासावा, हे सगळेच सांगतात. मालाचे पट्टे मात्र सुरुवातीचे काही अंतर कापल्यावर पुन्हा तपासावेत, कारण धक्क्यांनी माल खाली बसतो आणि घट्ट आवळलेले पट्टेही सैल पडतात.

मोठ्या उतारावर, उतार सुरू होण्यापूर्वीच, खालचा गिअर टाकून वेग इंजिनावर रोखावा. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ड्रम तापतात आणि ऐन गरजेच्या वेळी ब्रेकची पकड कमी होते. मागची वाहने हॉर्न वाजवतील, त्यांना खुशाल वाजवू द्यावे.

माल उतरवताना तासन्‌तास थांबावे लागते. हा वेळ मोबाइलवर न घालवता पाय मोकळे करावेत आणि पोचपावतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय तेथून निघू नये.