२०२४ ची ‘शोगुन’ पाहिल्यावर १९८० ची जुनी मालिका पाहावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की, २०२४ ची ‘शोगुन’ पाहून झाल्यावर १९८० ची जुनी मालिका पाहण्यात काही हशील आहे का, की ती आता निव्वळ जुनाट वाटेल. माझे मत विचाराल तर अवश्य पाहावी. नवी मालिका मला बऱ्याच बाबतींत सरस वाटली. तरीही जुनीत जे आहे ते नवीत नाही, आणि तुम्ही गोव्यातल्या म्हापशाचे आहात म्हणून तर ती पाहण्याला आणखी एक कारण आहे.

जेम्स क्लावेल यांची कादंबरी १९७५ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरची मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीने सप्टेंबर १९८० मध्ये सलग पाच रात्री दाखवली. डच जहाजातून जपानच्या किनाऱ्याला लागलेला इंग्रज पायलट (जहाजाचा वाटाड्या) ब्लॅकथॉर्न, म्हणजे रिचर्ड चेंबरलेन. त्याला प्याद्यासारखा वापरणारा जपानी सरदार तोरानागा, म्हणजे तोशिरो मिफुने. आणि दोघांमधली दुभाषी मारिको, म्हणजे योको शिमादा. यांतल्या पहिल्या दोघांमागे इंग्रज खलाशी विल्यम अ‍ॅडम्स आणि पुढे शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, झालेला तोकुगावा इएयासु ही इतिहासातली माणसे आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

दिग्दर्शक जेरी लंडन यांचा सर्वांत धाडसी निर्णय म्हणजे जपानी संवादांना सबटायटल्सच न देणे. माझ्यासोबत मालिका पाहायला बसलेल्या पुतणीने सुरुवातीलाच रिमोट हाती घेऊन ती कुठे सुरू करायची याचा शोध घेतला, आणि ती नाहीतच हे कळल्यावर ती चांगलीच वैतागली. पण ओसाकाच्या किल्ल्यातला तोरानागाच्या भेटीचा प्रसंग आला तेव्हा तिची कुरकुर थांबली. तिथे ब्लॅकथॉर्नचे म्हणणे तोरानागाला सांगण्याचे काम त्याच्या हाडवैऱ्याकडे, म्हणजे फादर अल्विटो या पोर्तुगीज पाद्र्याकडे आहे. पाद्री जपानीत काय सांगतो आहे, काही गाळतो आहे का, हे ब्लॅकथॉर्नला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. उरतात ते फक्त मिफुने यांच्या भुवया, हुंकार आणि मधली शांतता. नव्या मालिकेत खालच्या ओळींमुळे राजकारण नीट उलगडते, परंतु ही धास्ती तेवढी राहत नाही. ऑर्सन वेल्स यांचे निवेदन अधूनमधून कोडे सोडवते, आणि खरे सांगायचे तर कधी कधी नको तितके सोडवते.

या निर्णयाची किंमतही मोठी आहे. जपानी पात्रे आतून कधी दिसत नाहीत, तोरानागाच्या खेळी आपल्या डोक्यावरून जातात आणि कथा एका गोऱ्या माणसाच्या प्रेमप्रकरणाभोवती फिरत राहते. जपानी प्रेक्षकांना मालिका फारशी रुचली नाही यात नवल नाही. मधले काही तास रेंगाळतात, हेही मान्य करूनच पाहायला बसावे.

आता गोव्याच्या संदर्भाकडे वळतो. आपल्या स्मरणातला सोळाव्या शतकातला पोर्तुगीज हा सत्ताधीश आहे. १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, आले, आणि त्याच काळात साष्टीतली देवस्थाने जुवारीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या अंत्रुज महालात (आजच्या फोंड्यात) हलवावी लागली. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. मालिकेतले पोर्तुगीज मात्र चटईवर गुडघे टेकून जपानी सरदाराच्या मर्जीची वाट पाहत बसलेले दिसतात, आणि हे चित्र कादंबरीकाराने मनाने रंगवलेले नाही. चीनच्या मिंग राजवटीने जपानशी थेट व्यापाराला बंदी घातली होती, त्यामुळे मकाव या चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज ठाण्याहून जपानमधल्या नागासाकीला जाणारे पोर्तुगीजांचे मोठे जहाज चिनी रेशीम नेई आणि जपानी चांदी आणी. ही दलाली एवढेच त्यांचे तिथले बळ होते, फौज नव्हती. १५८७ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला. तो काटेकोरपणे अमलात आला नाही, पण टांगती तलवार कायम राहिली. जपानमधल्या ज्या मुलखात ओमुरा सुमितादासारखा सरदारच बाटला, तिथे मात्र देवळे आपल्याकडच्यासारखीच पाडली गेली.

मालिकेतला वरिष्ठ पाद्री देल’आक्वा ज्याच्यावरून घडवला आहे, तो आलेस्सांद्रो वालिन्यानो १५८३ ते १५८७ या काळात गोव्यात प्रोव्हिन्शियल, म्हणजे जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाचा इथला प्रमुख, होता. त्याने युरोपला पाठवलेले चार जपानी तरुण १५८७ मध्ये परतीच्या वाटेवर गोव्यात उतरले, आणि त्यांतल्या हारा मार्तिन्यो याने इथे केलेले लॅटिन भाषण दुसऱ्याच वर्षी इथेच छापले गेले. जुन्या गोव्यातली सेंट पॉल कॉलेजची एकटी उरलेली कमान त्याच काळची खूण आहे. हे माहीत असले की पडद्यावरचे जेझुइट केवळ कपटी खलनायक वाटत नाहीत; कादंबरीकाराने त्यांना बऱ्याच अंशी इंग्रज चष्म्यातून पाहिले आहे, हे लक्षात येते.

सागरी मार्गांच्या चोपडीचा प्रसंगही असाच लक्ष देऊन पाहा. रॉड्रिग्ज हा पोर्तुगीज पायलट (जॉन ऱ्हिस-डेव्हिस यांनी तो फार मोकळेपणाने रंगवला आहे) आपली चोपडी जिवापाड जपतो, कारण वारे, खडक आणि बंदरे यांची नोंद म्हणजेच त्या व्यापाराची किल्ली होती. प्रत्यक्षात हे गुपित फुटले ते गोव्यातून. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये इथे आला, पाचेक वर्षे आर्चबिशपकडे चिटणीस म्हणून राहिला आणि मायदेशी परतल्यावर त्याने पोर्तुगीजांचे सागरी मार्ग छापूनच टाकले. जपानबद्दलची माहिती त्याला ज्या दिर्क खेरित्स नावाच्या डच माणसाकडून मिळाली, तो पुढे १५९८ च्या पाच डच जहाजांच्या ताफ्यात होता. त्याच ताफ्यातून निघालेला अ‍ॅडम्स १६०० मध्ये जपानला पोहोचला.

पाहायची तर पूर्ण, सुमारे नऊ तासांची आवृत्ती मिळवा. चित्रपटगृहांसाठी तिची काटछाट करून एक छोटी आवृत्तीही काढली होती, तिच्या वाटेला जाऊ नका. तेवढ्या वेळात ब्लॅकथॉर्न धड जपानी शिकत नाही आणि मारिकोचा मृत्यू मनाला लागण्याइतकी तिची ओळखही होत नाही.