गाडी परत गेली, रेडिओ खात्यावर राहिला

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं कापून देते:

"वकीलताई, २०२३ च्या नोव्हेंबरात लीजची गाडी डीलरकडे परत केली आणि तिथूनच नवी घेतली. डीलरचा माणूस म्हणाला, सॅटेलाइट रेडिओ (उपग्रहावरून येणारा, पैसे भरून ऐकायचा) नव्या गाडीत आपोआप येतो. आलाही. पण जुन्या गाडीचे पैसे कार्डावरून जातच राहिले, तब्बल अठरा महिने. २०२५ च्या मेमध्ये कार्डाची मुदत संपली तेव्हा कुठे थांबले. आता ९१ डॉलरसाठी वसुली एजन्सीचं पत्र आलंय. मी त्यांना दोनदा फोन करून खडसावलं. पुण्याला बाबांचा वर्ल्डस्पेस, तोही सॅटेलाइट रेडिओच, बंद पडला तेव्हा पैसे बुडाले होते, तशीच ही गत. अठरा महिन्यांचे पैसे परत कसे मिळतील? आणि नव्या गाडीत पुढे काय घ्यावं, सॅटेलाइट की फोनवरचं?"

गणपतीत मंडळाच्या प्रसादाच्या रांगेत हीच कहाणी मला दोघांनी ऐकवली. गाड्या वेगळ्या, आकडे वेगळे, बाकी सगळं तेच. म्हणून इथे लिहिते. तुम्हाला वेगळी मेल केलीच आहे, कारण हे छापून येईपर्यंत थांबायला तुमच्याकडे वेळ नाही.

तुम्ही विचारलेले दोन्ही प्रश्न आधी बाजूला ठेवा. वसुलीचं पत्र पुन्हा हातात घ्या. तुम्ही मला फक्त वरच्या अर्ध्या भागाचा फोटो पाठवला होता, रकमेचा. खालचा अर्धा मागून घ्यावा लागला आणि सगळं त्यातच आहे. तिथे १५ तारीख छापली आहे. त्या तारखेभोवती दोन वाक्यं आहेत आणि दोन्ही सारखीच वाटतात. पहिल्यात म्हटलंय की १५ पर्यंत फोन करा किंवा लिहा, नाहीतर आमची माहिती बरोबर आहे असं आम्ही धरू. दुसऱ्यात म्हटलंय की १५ पर्यंत लिहिलंत, तर तुम्ही हे पैसे लागता याची माहिती पाठवेपर्यंत आम्हाला वसुली थांबवावी लागेल. पहिल्या वाक्यात फोन आहे, दुसऱ्यात नाही. तुमचं पूर्ण प्रकरण या फरकावर उभं आहे.

म्हणजे तुम्ही दोनदा फोन केलात, चढ्या आवाजात बोललात, आणि वसुली थांबवण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य. अगदीच वाया गेलं असं नाही. आपल्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, थर्ड सर्किटने, २०२० मध्ये रिचिओ खटल्यात सांगितलं की तोंडी हरकतही हरकतच असते. १९९१ मध्ये याच न्यायालयाने उलटं सांगितलं होतं. स्वतःचं म्हणणं दुरुस्त करायला त्यांना एकोणतीस वर्षं लागली आणि तुम्हाला मात्र तीस दिवस मिळतात. पण वसुली थांबवण्याचा हक्क त्या निकालानंतरही लेखी हरकतीलाच आहे. फोनवर नाही, वसुलीवाल्याशी जमलेल्या ओळखीवर तर नाहीच.

तर काय करायचं? पत्राच्या तळाशी फाडून पाठवायचा तुकडा आहे, चौकोनांचा. "हे कर्ज माझं नाही" या चौकोनावर खूण करू नका. खातं तुमच्या नावाचं होतं, कार्ड तुम्हीच दिलं होतं, मग खोटं कशाला लिहायचं? "रक्कम चुकीची आहे" यावर खूण करा, "इतर" यावरही करा आणि सोबत एक कागद जोडा. त्यावर दोनच ओळी पुरेत: ही गाडी अमुक तारखेला लीजवरून परत केली, त्या दिवसानंतरच्या सगळ्या रकमेवर माझी हरकत आहे, आणि हा रेडिओ त्या तारखेनंतर कोणाच्या नावावर, कधी चालू झाला याची नोंद पाठवावी. शेवटी "सोबत इतकी रक्कम पाठवत आहे" असा एक चौकोन असतो. तो कोरा ठेवा. "दहा-वीस डॉलर देऊन टाकू, प्रकरण मिटेल" हे तुमच्या मेलमधलं वाक्य वाचून मी कपाळाला हात लावला. थोडे पैसे देणं म्हणजे कर्ज मान्य करणं, असा अर्थ पुढे कोणीही काढू शकतं.

हे सगळं पोस्टाने, सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवा. पोचपावतीचं ते हिरवं कार्ड सही होऊन तुमच्याकडे परत येतं. काही डॉलर जातील, पण न्यायाधीशासमोर ते हिरवं कार्ड तुमच्या आणि माझ्या शब्दांपेक्षा जास्त बोलतं. तुकडा पाठवण्याआधी सगळ्याचा फोटो काढा, या वेळी दोन्ही बाजूंचा.

१५ तारीख हुकली तर आभाळ कोसळणार नाही. मुदतीत हरकत घेतली नाही म्हणून तुम्ही कर्ज कबूल केलं, असं न्यायालयाला धरता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे. पण वसुली थांबवणारा हा लगाम हातातून गेला, की मागे उरतात फोन, पत्रं आणि पत अहवालावरची नोंद. ९१ डॉलरसाठी ते कशाला ओढवून घ्यायचं?

त्या दुसऱ्या ओळीत रेडिओची नोंद का मागायला सांगितली, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. २००८ पर्यंत अमेरिकेत दोन सॅटेलाइट रेडिओ कंपन्या होत्या, एक्सएम आणि सिरियस. जनरल मोटर्स आणि होंडा एक्सएमकडे होत्या, फोर्ड आणि क्रायस्लर सिरियसकडे. गाडी निवडलीत की रेडिओ आपोआप निवडला जायचा. एकाच्या सेटवर दुसरी वाजत नसे, बदलायचं तर सेटच बदलावा लागे. १९९७ मध्ये परवाने देताना सरकारने घातलेली अट अशी की दोन्ही परवाने एकाच्या हातात जायचे नाहीत. जुलै २००८ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी विलीनीकरणाला परवानगी दिली आणि ती अट गेली. तीन वर्षं दर न वाढवण्याची हमी घेतली होती, तीही कधीच संपली. आता कंपनी एकच, सिरियसएक्सएम. पण लोकांच्या मनात रेडिओ अजून गाडीचाच भाग आहे, एसीसारखा. गाडी गेली की तोही गेला, असं सगळे समजतात.

करारात तसं नाही. करार खात्याशी आहे, आणि खात्यावर लिहिलेला असतो रेडिओचा नंबर. चॅनल ० लावलात तर हा नंबर पडद्यावर दिसतो. आज संध्याकाळी नव्या गाडीत बघा. तुमच्या खात्यावर जुन्या गाडीचा नंबर अजून बसलेला असणार, कारण तो काढा असं कोणालाच कोणी सांगितलं नाही. डीलर म्हणाला ते खोटं नव्हतं. नव्या गाडीत रेडिओ आला, पण फुकटच्या चाचणी मुदतीवर आला. जुनं खातं बंद करणं डीलरच्या कामात बसत नाही, आणि त्याने ते करावं असं तुम्ही त्याला म्हणालाही नाहीत.

खरा प्रश्न हा की ती जुनी गाडी पुढे कोणाकडे गेली. डीलर ती वापरलेली म्हणून विकतात, आणि अशा गाड्यांबरोबरही बऱ्याचदा नव्या मालकाला चाचणी मुदत मिळते. तसं झालं असेल तर एकाच रेडिओ नंबरवर दोन नावं लागली: एक नव्या मालकाचं, एक पैसे भरणाऱ्याचं. मग कंपनीच्याच नोंदींवरून दिसतं की गाडी तुमच्याकडे नाही हे त्यांना ठाऊक होतं. असं असेलच, असं मी म्हणत नाही. पण असेल तर माझ्या मते तुमच्या बाजूने याहून जोरदार मुद्दा दुसरा नाही, ९१ डॉलरसाठी आणि कदाचित मागच्या काही महिन्यांसाठीही. लीज परत करताना तुम्ही सही केलेला ओडोमीटरचा कागद शोधा. त्यावर तारीख आहे, गाडीचा नंबर आहे, मैल आहेत. तो कागद फेकला असेल तर सांगू नका, आधी घर उपसा.

आता अठरा महिन्यांबद्दल, जे तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. क्रेडिट कार्डावरच्या चुकीच्या आकारणीवर हरकत घ्यायला, ती ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून साठ दिवस मिळतात. हरकत लेखी हवी, आणि बिलाच्या तक्रारींसाठी दिलेल्या पत्त्यावर जायला हवी. अठरा स्टेटमेंट तुमच्या मेलमध्ये आली आणि त्यातलं एकही तुम्ही उघडलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. शेवटच्या आकारणीचे साठ दिवसही उन्हाळ्यातच संपले. शिवाय, ज्याने खातं बंद करा असं सांगितलंच नाही त्याच्या आकारणीला "चूक" म्हणायचं का, यावर कार्डवाली बँक वाद घालेलच. बँकेने मेहेरबानी म्हणून काही परत केलं तर घ्या, पण हक्क म्हणून फारसं काही उरलेलं नाही.

कंपनीकडे परतावा मागता येईल, मागावाच. नाही म्हणाले तर लहान दाव्यांच्या न्यायालयाची वाट आहे, न्यू जर्सीत पाच हजार डॉलरपर्यंत. करारात लवादाचं कलम असणारच, म्हणजे वाद न्यायालयात न नेता खासगी लवादापुढे मांडायचा. अशा करारांत लहान दाव्यांना बहुधा सूट असते, पण तुमच्या कराराची प्रत मी पाहिलेली नाही. कोणीतरी तुम्हाला नटसन खटल्याचं कात्रण पाठवलंय, तेही पाहिलं. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाकडच्या नाइन्थ सर्किटने म्हटलं होतं की टोयोटाबरोबर चाचणी मुदत मिळालेल्या माणसाला महिनाभराने टपालात करार आला, म्हणून तो लवादाने बांधला जात नाही. त्यावर विसंबू नका. नटसनला आपण त्या कंपनीशी करार करतोय याचीच कल्पना नव्हती. तुम्ही योजना निवडलीत, कार्ड दिलंत. तो निकाल फार तर तुमच्या नव्या गाडीतल्या चाचणी मुदतीला लागू पडेल, आणि तोही आपल्याकडे बंधनकारक नाही.

वर्ल्डस्पेसचं उदाहरण तर नेमकं उलटं आहे. ती कंपनी दिवाळखोरीत गेली, ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली, आणि गंधर्व वाहिनी ऐकणाऱ्या तुमच्या बाबांसारख्यांनी आगाऊ भरलेले पैसे अडकले. गंमत म्हणजे याच वर्ल्डस्पेसचे सुरुवातीला एक्सएममध्ये पैसे होते. तिथे कंपनी ग्राहकाला सोडून गेली. इथे ग्राहक गेला आणि कंपनीला कोणी कळवलंच नाही.

आणि अजूनही कळवलेलं नाही! तुमच्या मेलमध्ये कुठेही "खातं बंद केलं" असं नाही. "कार्ड संपलं म्हणजे बंद झालंच असेल" असं आहे. नाही झालं. हरकतीचं पत्र टाकाल त्याच दिवशी फोन करून जुना नंबर खात्यावरून काढायला सांगा. बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि रद्द केल्याचा क्रमांक लिहून घ्या. फोन लांबेल, सवलतीच्या ऑफर येतील. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने डिसेंबर २०२३ मध्ये सिरियसएक्सएमवर दावा केला, त्यात रद्द करायला फोनवर सरासरी साडेअकरा मिनिटं आणि चॅटवर तीस मिनिटं लागतात, असं मांडलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ही पद्धत केंद्रीय कायद्याविरुद्ध ठरवली, बाकीचे आरोप मात्र मान्य केले नाहीत. त्या निकालाने तुम्हाला न्यू जर्सीत पैसे मिळणार नाहीत. घेणं जितकं सोपं तितकंच सोडणंही सोपं हवं, असा केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम येणार होता. तो लागू व्हायच्या सहा दिवस आधी, ८ जुलै २०२५ ला, एका अपील न्यायालयाने प्रक्रियेतल्या त्रुटीवरून रद्द केला. त्यामुळे तूर्त आपली साडेअकरा मिनिटं आपणच खर्च करायची.

नव्या गाडीत काय घ्यावं, हा प्रश्न वकिलाचा नाही, तरी सांगते. रोज एडिसन ते जर्सी सिटी जात असाल तर फोन पुरे. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतून आय-८० ने वारंवार जात असाल, जिथे फोनचा सिग्नल तुटतो, तर सॅटेलाइटचा उपयोग आहे. घेतलात तर सवलतीचा दर संपायच्या आठ दिवस आधीची नोंद कॅलेंडरमध्ये टाका, आणि जुन्या खात्यावर नवा नंबर चढवायचा की नवं खातं उघडायचं, हे स्वतःच्या तोंडाने सांगा. डीलरच्या भरवशावर राहू नका.

हिरवं कार्ड परत आलं की त्याचा फोटो पाठवा. पूर्ण कार्डाचा.