वाचक विचारतात : सेकिगाहाराची लढाई गेली कुठे?

प्रश्न : नमस्कार ताई, एनएचके या जपानी वाहिनीची 2016 सालची ‘सानादामारू’ ही मालिका नुकतीच बघून संपवली, सगळेच्या सगळे 50 भाग. सानादा या सामुराई घराण्याची गोष्ट म्हणून हौसेने बघायला घेतली होती, पण 1600 सालची सेकिगाहाराची लढाई, जिच्यावर जपानचं पुढचं सगळं ठरलं, ती मिनिटभरात उरकून टाकली! मित्र म्हणतो इतिहासाची पार वाट लावलीय. मला तर मालिका आवडली. अशी मालिका चांगली की वाईट, हे ठरवायचं कशावरून?

उत्तर : मित्राला एवढंच विचारा, की ती लढाई चालू होती तेव्हा सानादा होते कुठे? बाप मासायुकी आणि धाकटा नोबुशिगे होते उएदाच्या किल्ल्यात. विरुद्ध बाजूच्या तोकुगावा घराण्यातल्या हिदेतादाची अदमासे 38 हजारांची फौज त्यांनी तिथे अशी लटकवून ठेवली की तो सेकिगाहाराला वेळेत पोचलाच नाही. म्हणजे इकडे हे जिंकल्याच्या खुशीत आणि तिकडे आपली बाजू एका दिवसात साफ झालेली, आणि ही बातमी त्यांच्या डोक्यावर जशी आदळते तशीच आपल्याही. गोष्ट घराण्याची आहे तर कॅमेरा घराण्यापाशीच पाहिजे ना. मला तरी ती मालिकेतली सगळ्यात हुशार जागा वाटली.

मी अशा मालिकेत लढाया बघतच नाही फारशा, घरातली माणसं एका खोलीत बसली की काय होतं ते बघते. पहिलाच भाग आठवा, 1582 साल, सानादांचे मालक ताकेदा बुडायला आलेत, मासायुकी सगळ्यांसमोर छातीठोक सांगतो काही होत नाही ताकेदांना, आणि नंतर फक्त दोन्ही पोरांना बसवून म्हणतो, ताकेदा संपणार. संपलं, बाप कळला! त्यात कुसाकारी मासाओच्या हातातले ते अक्रोड, सारखे कटकट वाजत असतात, आणि तुम्ही बापाच्या तोंडाकडे बघायचं सोडून हाताकडे बघायला लागता. (हाच नट 1985 च्या सानादांवरच्या मालिकेत धाकटा मुलगा झाला होता, इथे बाप.)

बाप आणि धाकटा एका बाजूला, थोरला नोबुयुकी तोकुगावांकडे, ही ताटातूट तर खरीच घडलेली. तिच्यामागे लग्नंही होती. थोरल्याची बायको होंदा तादाकात्सूची मुलगी, म्हणजे तोकुगावांच्या खास सरदाराची, आणि धाकट्याचा सासरा ओतानी योशित्सुगू बरोब्बर विरुद्ध पक्षात. मालिकेने सुना नुसत्या रडायला ठेवल्या असत्या तर मीच मित्राच्या बाजूने बोलले असते.

आता खटकलं ते पण सांगते. नोबुशिगेची बालमैत्रीण किरी बोलते ते फारच आजचं वाटतं, जपानमध्येही त्यावर बरीच ओरड झाली होती. आणि त्या काळी वरच्या घरातल्या लग्न झालेल्या बायका दात काळे करायच्या, इथे सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र. दात मी सोडून देते, नाहीतर एकही मालिका बघून होणार नाही. भाषेचं मात्र सोडवत नाही.

सबटायटलवर बघत असाल तर एक गोष्ट हमखास निसटते. हरल्यावर बाप आणि धाकटा कोयासानजवळ कुदोयामाला हद्दपार होतात, आणि तोकुगावांचा प्रमुख इएयासू थोरल्याला सांगतो की बापाकडून आलेलं ‘युकी’ हे अक्षर नावातून काढ. तो काढतो, पण त्याच्या जागी असं दुसरं अक्षर घालतो की उच्चार तोच, नोबुयुकी! (जपानीत एकाच उच्चाराची अनेक अक्षरं असतात.) आपल्याला ऐकू काहीच वेगळं येत नाही, कारण जे बदललं ते सगळं कागदावर. अख्ख्या लढाईपेक्षा मला हा सीन भारी वाटला.

प्रश्न : नायक नोबुशिगे की युकिमुरा? सगळीकडे तर युकिमुराच वाचलंय.

उत्तर : त्याच्या हयातीतल्या कागदपत्रांत नोबुशिगे. युकिमुरा हे नाव गाजलं ते पुढे एदो काळातल्या, म्हणजे तोकुगावांच्या राजवटीतल्या युद्धकथांमुळे. मालिकेने म्हणूनच त्याला बराच काळ नोबुशिगेच ठेवलंय आणि 1614 मध्ये तोकुगावांविरुद्ध लढायला ओसाकाच्या किल्ल्यात जायची वेळ येते तेव्हा कुठे तो युकिमुरा होतो. आता ते नाव जपानी लिपीत बघा, पहिलं अक्षर कुठलं? भावाला टाकावं लागलेलं तेच ‘युकी’.