बोटॅलॅकची खाण समुद्राखाली का गेली, आणि तिथे नेमकं काय पाहावं?

कारण भूगर्भात आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, सेंट जस्टजवळच्या या किनाऱ्यावर ग्रॅनाइट जुन्या पाटीच्या दगडाला भिडतो. तिथल्या भेगांत कथिल आणि तांब्याच्या शिरा तयार झाल्या. या शिरा किनाऱ्याला समांतर न जाता थेट समुद्राकडे धावतात, म्हणून खाणकामगारही त्यांच्यामागे समुद्रतळाखाली गेले.

कड्याच्या अगदी खालच्या अंगाला खाणीच्या ‘क्राउन्स’ नावाच्या भागाची दोन इंजिनघरं दिसतात. तिथे बांधायची हौस कुणाला होती? पण खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा दांडा विहिरीत, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या खड्ड्यात, सरळ उतरायला हवा, त्यामुळे खालचं इंजिनघर तिच्या तोंडाशीच बांधावं लागलं. विहिरीकडची भिंत मुद्दाम जाड असते, कारण इंजिनाच्या अवजड तुळईचा भार तीच पेलते. छप्पर गेलं तरी ती उभी राहते ती त्यामुळेच.

आर्सेनिकचे अवशेष बहुतेक लोक बघतच नाहीत. खनिज भाजल्यावर निघणारा धूर नागमोडी दगडी बोळांतून फिरवत, थंड होताना भिंतींवर पांढरी पूड बसे, ती कामगार खरवडून काढत. तिथली माती अजून विषारी असू शकते, मुलांना खेळू देऊ नका. जुन्या विहिरींमुळे पायवाटही सोडू नका.

चालत्या इंजिनासाठी उत्तरेला लेव्हंटची खाण गाठा. तिथल्या 1840 च्या इंजिनात 1993 पासून पुन्हा वाफ भरली जाते. ते कोणत्या दिवशी चालवतात ते आधी बघून जा. हा सारा परिसर 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे.