पातं फिरतंय, मशीन हलत नाही

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आमची जुनी सोसायटी आहे. खाली बऱ्यापैकी मोठं लॉन आहे. त्यासाठी पेट्रोलवर चालणारं, आपलं आपण पुढे सरकणारं गवत कापायचं मशीन घेतलं होतं. यंदा भर पावसाळ्यात ते अडलं. इंजिन सुरू होतं, पातं फिरतं, गवतही कापलं जातं. पण दांड्यावरचा चालवायचा खटका दाबला तरी मशीन जागचं हलत नाही. माळीमामा ढकलत नेतात, पण त्यांनी साठी ओलांडली आहे. दुकानदार म्हणतो, गिअरबॉक्स गेला, आता नवीनच घ्या. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे, तिथे खर्चाचा विषय निघणारच. काय करावं?
— सोसायटीच्या सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर : ताई, मशीन न उघडता ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणणाऱ्याचं कोटेशन सभेपुढे ठेवूच नका. कारखान्यात मेंटेनन्सला असल्यापासून माझा एक हट्ट आहे : आधी स्वस्त वस्तू तपासायची, मग महाग. तुमच्या मशीनमध्ये सगळ्यात महाग गिअरबॉक्स आणि सगळ्यात स्वस्त क्लच वायर, म्हणजे खटक्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी तार. दुकानदाराने सुरुवातच उलट्या टोकाने केली.

माळीमामांना आधी एवढंच विचारा : खटका दाबल्यावर मागची चाकं फिरतात आणि घसरतात, की फिरतच नाहीत? फिरून घसरत असतील तर मशीन ठणठणीत आहे. टायर गुळगुळीत झालेत, गवत ओलं आहे किंवा कापायची उंची फार खाली ठेवली आहे. श्रावणात हात-हातभर वाढलेलं गवत एकाच फेरीत भुईसपाट करायला गेलं की असंच होतं.

चाकं फिरतच नसतील तर इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला करा. हे टाळायचं नाही. पातं हाताने फिरलं तरी इंजिन धक्का घेऊ शकतं आणि बोटं जायला तेवढं पुरतं. आता चालवायचा खटका दाबून धरा आणि मशीन मागे ओढा. बहुतेक मशिनींत मागची चाकं अडून फरफटली पाहिजेत. तशी अडली तर चाकांच्या गराऱ्या (आसावरची छोटी दातेरी चाकं) आणि गिअरबॉक्सचे दाते शाबूत आहेत, दोष वायरमध्ये किंवा इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणाऱ्या बेल्टमध्ये शोधायचा. चाकं मोकळी फिरली तर वायर, गराऱ्या, गिअरबॉक्स, या क्रमाने जायचं.

वायरचं काम दोन माणसांचं. एकाने खटका दाबायचा, दुसऱ्याने खाली गिअरबॉक्सजवळचा छोटा दांडा बघायचा. तो पूर्ण ओढला जायला हवा. अर्धवट हलत असेल तर वायर ताणली गेली आहे. वायरवर ॲडजस्टर असतो, तो थोडा थोडा फिरवून ढिलाई काढा. अजिबात हलत नसेल तर वायर तुटली आहे किंवा आत गंजून धरली आहे. चार महिने पाऊस आणि वर आपली दमट हवा, त्यात मशीन पंपाच्या खोलीबाहेर उभं! अशी वायर स्कूटरचा मेकॅनिकही लांबी बघून बनवून देतो. मात्र ॲडजस्टर हावरटपणे आवळू नका. मग खटका सोडला तरी मशीन सरकत राहतं आणि बेल्ट घासून संपतो.

बेल्ट बघायला मशीन आडवं करावं लागतं. पेट्रोल काढून घ्या आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. नाहीतर इंजिन ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि सुरू होणारं इंजिनही बंद पडतं. बेल्टचं झाकण काढलंत की पावसाळ्यातल्या मशीनमध्ये हमखास काय सापडतं ते कळेल : ओल्या गवताचा लगदा, गोवरीसारखा थापून वाळलेला. तो पुलीच्या खाचेत बसला की बेल्ट नुसता घसरतो. कित्येकदा एवढं खरवडून काढलं की मशीन चालू लागतं. बेल्ट चकचकीत झाला असेल, चिरला असेल किंवा झिजून खाचेच्या तळाला टेकला असेल, तर बदला. नवीन आणताना जुना बरोबर न्या. ताण देणाऱ्या पुलीची स्प्रिंग निसटली नाही ना, तेही बघा.

एकच चाक ओढत असेल आणि मशीन एका बाजूला वळत असेल, तर ते चाक काढा. आतल्या बाजूने प्लास्टिकचे दाते आणि आसावर छोटी गरारी दिसेल. दाते झिजले की गरारी नुसती कुरकुरत फिरते. गरारीच्या पोटात एक बारीक खटका असतो; त्याच्यामुळे मशीन पुढे मोकळं ढकलता येतं. तो मातीने अडकला असेल तर धुऊन पुसून परत बसवा. डाव्या-उजव्या गराऱ्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, नाहीतर सगळं नवं घालूनही मशीन ढिम्म. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

इथवर सगळं ठीक निघालं, तरच गिअरबॉक्स. बेल्ट उतरवा, खटका दाबून धरायला सांगा आणि गिअरबॉक्सची पुली हाताने फिरवा. आस हळूहळू फिरायला हवा. पुली फिरते आणि आस थंड, तर दुकानदाराचं बरोबर. तेव्हासुद्धा नवं मशीन घेण्याआधी सुट्या गिअरबॉक्सचा भाव विचारा. इंजिन तर तुमचं चांगलंच आहे.

प्रश्न : अशाच मशीनला नागदेवी स्ट्रीटवरून मापाचा साधा बेल्ट आणून बसवला. आता खटका सोडला तरी मशीन पुढे जातं. चालेल का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : अजिबात नाही. बेल्ट दुरुस्त होईपर्यंत मशीन बाहेर काढू नका, खालच्या अंगणात मुलं खेळत असतात. आधी वायरचा ॲडजस्टर ढिला करून बघा. तरीही सरकलं तर बेल्ट आखूड आहे किंवा चुकीच्या जातीचा. इथे बेल्टलाच क्लचचं काम करावं लागतं : ढिला सोडला की पुलीवर गुपचूप घसरायचं, ताणला की धरायचं. कंप्रेसरचा किंवा पिठाच्या गिरणीचा बेल्ट कायम धरून ठेवण्यासाठी असतो. लांबी-रुंदी जुळली म्हणून तो इथे चालत नाही. मशीनच्या पुस्तिकेत बेल्टचा नंबर दिलेला असतो, त्याच नंबरचा मागवा.